सेल्फ हीलिंग पॉलिमर खरंच भरून येतं का? आधी बघा, हललं काय

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ओरखडा पडलेली पारदर्शक फिल्म गरम पाणी ओतलं की नीट होते ते खरं सेल्फ हीलिंग की नुसती जाहिरात, पेपरांमध्ये ९० टक्के हीलिंग लिहितात तर मग विमानाच्या पंखात आणि गाडीच्या बॉडीत हे अजून सगळीकडे का नाही, आणि प्रोजेक्टसाठी स्वतः करून बघायचं तर सुरुवात कुठून करायची. मी २५ एक वर्षं कोटिंग आणि इपॉक्सी कॉम्पोझिटमध्ये (म्हणजे फायबर आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन) काम करतोय, त्यातली निम्मी तरी याच विषयात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. पॉलिमर भरून यायचं तर तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत नाहीतर मधली फट कशाने तरी भरली पाहिजे, आणि त्यानंतर काहीतरी हललं पाहिजे. साखळ्या (पॉलिमरचे लांबच लांब रेणू) हलतील, साखळ्यांवरचे बाँड सुटून परत जुळतील, नाहीतर बाहेरून एखादं द्रव येईल, पण हलल्याशिवाय काही होत नाही. म्हणून कुणीही समोर येऊन सेल्फ हीलिंग म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, हललं काय आणि कशाच्या जोरावर हललं. याचं उत्तर मिळालं की त्या मटेरियलची ताकद काय, मर्यादा काय, हे निम्मं तिथेच कळतं.

एखादं काचेसारखं टणक प्लास्टिक मोडलं आणि तुकडे अगदी बरोब्बर जुळवून ठेवले तरी वर्षभरात काहीही होत नाही, कारण खोलीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या गोठलेल्या असतात, जागच्या जागी थरथरतात पण सरकत नाहीत. तेच प्लास्टिक ग्लास ट्रान्झिशन तापमानाच्या थोडं वर नेलं (म्हणजे ज्या तापमानाच्या वर साखळ्या मोकळ्या व्हायला लागतात ते) आणि कडा दाबून धरल्या की साखळ्यांची टोकं पलीकडच्या बाजूला घुसायला लागतात, आणि हळूहळू तिकडच्या साखळ्यांशी गुंता होतो. वूल आणि ओ'कॉनर यांनी १९८१ मध्ये हे टप्प्याटप्प्याने मांडलं, आधी पृष्ठभाग स्वतःला जुळवून घेतात, मग जवळ येतात, मग एकमेकांना ओले करून चिकटतात, मग साखळ्या आरपार जातात आणि शेवटी इतकी सरमिसळ होते की सीमा कुठे होती ते सापडत नाही. यातून एक गोष्ट निघते जी नवीन लोक विसरतात: पूर्ण भरून येईपर्यंत ताकद वाढते ती वेळेच्या चौथ्या मुळाच्या हिशोबाने. म्हणजे आत्ता जेवढी ताकद आली त्याच्या दुप्पट हवी असेल तर वेळ दुप्पट देऊन भागत नाही, १६ पट द्यावा लागतो. पहिल्या दहा मिनिटांत छान चिकटलं म्हणून खूश होऊन टेस्ट घेणारे लोक मी खूप बघितलेत, चिकटणं वेगळं आणि भरून येणं वेगळं, त्या दोघांच्या मध्ये हा १६ पटीचा हिशोब बसलेला असतो.

आता तुमची फिल्म. गाड्यांवर लावतात ती पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणजे मुख्यतः थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन आणि त्याच्या वर एक पातळ टॉपकोट. चावीने किंवा धुळीच्या कापडाने जो बारीक ओरखडा पडतो तो मायक्रोस्कोपखाली बघितलात तर बहुतेक वेळा तिथे काही तुटलेलं नसतंच, मटेरियल बाजूला ढकललं जाऊन एक चर पडलेली असते आणि दोन्ही बाजूंना उंचवटे आलेले असतात, त्यावर उजेड विखुरतो म्हणून डोळ्याला पांढरी रेघ दिसते. टॉपकोट क्रॉसलिंक्ड असतो, म्हणजे साखळ्या एकमेकींना गाठींनी बांधलेल्या असतात, त्या ताणल्या गेल्या तरी आपली मूळ जागा विसरत नाहीत, फक्त थंड असताना परत यायला फार वेळ लागतो. गरम पाणी पडलं, ऊन लागलं, की त्या मोकळ्या होतात आणि चर भरते. तर इथे हलल्या त्या ताणलेल्या साखळ्या, आणि जोर होता त्यांच्यातच साठलेल्या ताणाचा. जाहिरातीतलं खोटं नाही, पण याला मी आकार परत येणं म्हणेन, कारण एकही तुटलेला बाँड इथे जुळलेला नाही. म्हणूनच ब्लेडने फिल्म आरपार कापली किंवा खडीने टवका उडाला तर कितीही गरम पाणी ओता, काही होणार नाही, जे मटेरियल तिथे उरलंच नाही ते परत कुठून येणार. निस्सानने २००५ मध्ये स्क्रॅच शील्ड नावाचा क्लिअरकोट आणला, एलजीच्या जी फ्लेक्स फोनच्या पाठीवर २०१३ मध्ये असंच कोटिंग होतं, दोन्हीकडे बारीक ओरखडे जायचे, खोल घाव राहायचे.

एका ग्राहकाकडे आमचं असंच कोटिंग नापास झालं होतं आणि कारण शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले. डेमोला हीटगनने ओरखडे मस्त जायचे, त्यांच्या गोदामात मात्र तसेच राहायचे. शेवटी कळलं की गोदाम थंड होतं, कोटिंगच्या ग्लास ट्रान्झिशनच्या खाली, आणि तिथे महिनाभर ठेवलं तरी साखळ्या हलणार नव्हत्या. फॉर्म्युल्यात चूक नव्हती, आम्ही वापराचं तापमान विचारलंच नव्हतं. तेव्हापासून स्पेसिफिकेशनमध्ये पहिली ओळ तापमानाची असते.

बंदुकीच्या गोळीचं भोक बुजवणारं प्लास्टिक तुम्ही व्हिडिओत बघितलं असेल, ते सर्लिनच्या जातीचं आयनोमर, एथिलीन आणि मेथाक्रिलिक ॲसिडचा कोपॉलिमर. गोळी आरपार जाताना घर्षणाने भोकाच्या भोवतीचा भाग वितळतो, बाहेरचा न वितळलेला भाग रबरासारखा मागे खेचून भोक बंद करतो आणि वितळलेल्या कडा एकमेकींत मिसळतात. मजा अशी की त्याच पत्र्याला हळू हळू खिळा टोचून भोक पाडलं तर ते तसंच राहतं, कारण उष्णताच तयार झाली नाही. जखम करणाऱ्यानेच भरायची ऊर्जा दिली पाहिजे अशी ही सिस्टिम. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं की हे आयनांच्या गुच्छांमुळे होतं, पण नंतर आयन नसलेला मूळ कोपॉलिमरसुद्धा गोळीचं भोक छान बुजवतो असं दिसलं, म्हणजे मुख्य काम वितळण्याचं आणि मागे खेचण्याचं आहे.

आता टणक मटेरियलकडे येऊ, तुमचा विमानाचा प्रश्न तिथला आहे. कॉम्पोझिटमधलं इपॉक्सी हे थर्मोसेट, गाठी कायमच्या, साखळ्या सरकायला वावच नाही, मग हलणार काय? इलिनॉय विद्यापीठातल्या व्हाइट, सॉटोस, मूर या मंडळींनी २००१ मध्ये याचं उत्तर दिलं, आत द्रव भरलेल्या बारीक कॅप्सूल टाकून ठेवायच्या. कॅप्सूलचं कवच युरिया फॉर्मल्डिहाइडचं, आत डायसायक्लोपेंटाडाइन, आणि इपॉक्सीत विखुरलेले ग्रब्ज कॅटॅलिस्टचे (म्हणजे रिॲक्शन घडवून आणणाऱ्या पदार्थाचे) जांभळट कण. तडा पुढे सरकत येतो, कॅप्सूल फोडतो, द्रव फटीत केशाकर्षणाने शोषलं जातं, कॅटॅलिस्टला भेटतं आणि तिथल्या तिथे पॉलिमर बनून घट्ट होतं, बाहेरून कुणी हात लावायचा नाही, गरम करायचं नाही. ४८ तास दिल्यावर त्यांना तडा सहन करण्याची मूळ ताकद ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळाली होती. याच कॅटॅलिस्टवाल्या ग्रब्जना २००५ मध्ये आणखी दोघांबरोबर केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, अर्थात ते या कॅप्सूलसाठी नाही, मेटॅथेसिस या मूळ रिॲक्शनवरच्या कामासाठी.

वाचायला सोपं वाटतं पण यातली खरी गंमत कॅप्सूल बनवताना कळते. पाण्यात युरिया, अमोनियम क्लोराइड, रिसॉर्सिनॉल, इमल्शन टिकवायला एक सर्फॅक्टंट, पीएच ३.५ च्या आसपास, त्यात तेलकट द्रव हळूहळू सोडायचं, ढवळत राहायचं, मग फॉर्मल्डिहाइड टाकून ५५ अंशांवर चार तास. पहिला तासभर दुधासारखं दिसतं आणि काही घडतंय असं वाटतच नाही, मग एखादा थेंब स्लाइडवर घेतला की गुळगुळीत थेंबांच्या जागी खडबडीत साल असलेले गोळे दिसायला लागतात, नारिंगाच्या सालीसारखे नाही, त्याहून बारीक, जणू ओल्या गोट्या वाळूत लोळवल्यात. तो खडबडीतपणा कामाचा असतो कारण त्यामुळे इपॉक्सी कवचाला घट्ट पकडतं. आकार ठरतो ढवळण्याच्या वेगावर, २०० आरपीएमला मिलिमीटरच्या जवळ जाणारे गोळे मिळतात, २००० ला १० मायक्रॉनच्या आसपासचे, आणि कवच असतं जेमतेम २०० नॅनोमीटर जाड.

कवचाची ही जाडी फार नाजूक प्रकरण आहे. जास्त जाड झालं तर तडा कॅप्सूलला वळसा घालून निघून जातो, आतलं द्रव आतच राहतं आणि तुम्ही इपॉक्सीत नुसती भोकं टाकल्यासारखं होतं. फार पातळ झालं तर रेझिनमध्ये मिसळतानाच फुटतात. मला आठवतंय, एका बॅचमध्ये आम्ही हायस्पीड मिक्सर लावला आणि झाकण उघडल्याबरोबर डायसायक्लोपेंटाडाइनचा तो डोक्यात जाणारा कापरासारखा वास आला, तेव्हाच कळलं की निम्मी बॅच गेली. तेव्हापासून कॅप्सूल शेवटी, हाताने, लाकडी स्पॅट्युलाने. शिवाय कॅप्सूल भोवतालच्या इपॉक्सीपेक्षा मऊ असली तर तडा तिच्याकडे ओढला जातो, कडक असली तर ढकलला जातो, म्हणजे कॅप्सूल मऊ ठेवणं इथे फायद्याचं.

आणखी एक हिशोब सांगतो, प्रोजेक्टला उपयोगी पडेल. कॅप्सूलचं वजनी प्रमाण तेवढंच ठेवलं तर तड्याच्या दर चौरस सेंटीमीटरला किती द्रव मिळणार हे कॅप्सूलच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतं. मोठ्या कॅप्सूल जास्त द्रव देतात. मग सगळे मोठ्याच का नाही वापरत? कारण कोटिंग १०० मायक्रॉनचं असेल तर त्यात १५० मायक्रॉनची कॅप्सूल डोकं वर काढून बसते, आणि फायबर कॉम्पोझिटमध्ये कापडाच्या थरांच्या मधली जागाच इतकी कमी असते की मोठ्या कॅप्सूलने फायबर वाकडे होतात आणि मूळ ताकदच घटते. लहान केल्या तर द्रव पुरत नाही. हे ओढाताणीचं काम आहे, प्रत्येक जाडीला आपापला आकार शोधावा लागतो.

कॅटॅलिस्टचं दुखणं वेगळंच. ग्रब्ज कॅटॅलिस्ट रुथेनियमचं, महाग, आणि इपॉक्सीच्या अमाइन हार्डनरशी त्याचं जमत नाही, क्युअरिंगमध्येच (म्हणजे इपॉक्सी घट्ट होत असतानाच) बराचसा निकामी होतो, म्हणून २००५ मध्ये त्यालाच मेणात गुंडाळून टाकायची युक्ती निघाली. नंतर त्याहून साधा रस्ता सापडला, कॅप्सूलमध्ये नुसतं सॉल्व्हंट भरायचं. इपॉक्सी कितीही क्युअर केलं तरी काही ग्रुप रिॲक्शन न होता राहिलेले असतात, सॉल्व्हंटने तड्याच्या कडा फुगतात, ते अडकलेले ग्रुप मोकळे होऊन एकमेकांना भेटतात आणि अर्धवट राहिलेलं क्युअरिंग तड्याच्या आरपार पूर्ण होतं. मला ही कल्पना फार आवडते, बाहेरून काही नवीन आणलं नाही, आत अडकून पडलेल्याला फक्त हलायला मोकळीक दिली.

कॅप्सूलची मोठी मर्यादा सगळ्यांना लगेच सुचते, एका जागी एकदा फुटली की संपली, दुसऱ्यांदा तिथेच तडा गेला तर काय. म्हणून शरीरातल्या रक्तवाहिन्यांसारखं बारीक नळ्यांचं जाळं करून द्रव पुरवायचे प्रयोग झाले, त्याच इलिनॉयच्या गटाने २००७ मध्ये एकाच जागेचा तडा सात वेळा भरून दाखवला, आणि २०१४ मध्ये तर दोन द्रव एकत्र येऊन आधी जेल आणि मग घट्ट पॉलिमर होणारी सिस्टिम वापरून ३५ मिलिमीटरच्या वरचं आघाताचं भगदाड २० मिनिटांत भरलं. छान आहे, पण नळ्या तुंबतात, आणि भारवाहक भागात नळ्यांचं जाळं घालायला डिझायनर सहज तयार होत नाहीत.

आता तिसरा रस्ता, बाँडच असे निवडायचे की ते सुटतील आणि परत जुळतील. पॅरिसच्या ईएसपीसीआयमधल्या लिब्लर यांच्या गटाचं २००८ चं रबर हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. फॅटी ॲसिडपासून आणि युरियापासून बनवलेले लहान लहान रेणू, ते एकमेकांना हायड्रोजन बाँडने (रेणूंमधली कमजोर, सहज सुटणारी पकड) धरून राहतात, लांबच लांब साखळ्या अशा नाहीतच. असल्या जातीच्या रबराची पट्टी आम्ही नव्या ब्लेडने कापली, कडा लगेच टेकवल्या, दोन बोटांत हलकं धरून ठेवलं आणि तासाभराने ओढली तर जोडावर न तुटता ताणली गेली. दुसरी पट्टी कापून तुकडे रात्रभर वेगवेगळे ठेवले, सकाळी टेकवले, तर जोड अगदीच कच्चा. कारण असं की कापल्या कापल्या पृष्ठभागावर हायड्रोजन बाँडची एकटी पडलेली टोकं भरपूर असतात, ती जोडीदार शोधत असतात, लगेच समोरची कडा मिळाली तर पलीकडे हात धरतात, नाही मिळाली तर काही तासांत आपल्याच बाजूला कुणीतरी शोधून घेतात आणि मग पलीकडच्याशी जमवायला कुणी मोकळं उरत नाही. म्हणूनच न कापलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते असे जोडले जात नाहीत, ताजा घाव लागतो. विद्यार्थ्यांना हा प्रयोग दाखवला की सेल्फ हीलिंग म्हणजे काय ते तासाभराच्या लेक्चरपेक्षा जास्त समजतं.

हायड्रोजन बाँडपेक्षा पक्के हवे असतील तर कोव्हॅलेंट म्हणजे पक्के रासायनिक बाँडच उलटसुलट होणारे घ्यायचे. फ्युरान आणि मॅलेइमाइडची डील्स-आल्डर जोडी यात जुनी, वुडल यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की १२० अंशांच्या वर हे बाँड सुटतात आणि थंड होताना परत जुळतात, पुन्हा पुन्हा, कॅटॅलिस्ट नाही की काही बाहेरून घालणं नाही. ॲरोमॅटिक डायसल्फाइडवाले (म्हणजे बेंझिनसारख्या कड्यांना जोडलेल्या गंधकाच्या जोड्या असलेले) इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारखे पॉलिमर, खोलीच्या तापमानालाच जोडीदार बदलत राहतात, २०१४ मध्ये अशा एका पॉलीयुरेथेन-युरियाने २४ तासांत ९७ टक्के ताकद परत मिळवली. लिब्लर यांच्याच गटाने २०११ मध्ये व्हिट्रिमर आणले, त्यात बाँड जोडीदार बदलतात पण एकूण गाठींची संख्या कायम राहते, त्यामुळे थर्मोसेट असूनही गरम केल्यावर सिलिका काचेसारखं हळूहळू वाहतं. उजेडावर चालणारे आहेत, धातूच्या आयनांवर चालणारे आहेत, स्टॅनफर्डच्या बाओ यांच्या गटाने २०१२ मध्ये निकेलचे कण घालून वीजवाहक आणि कापल्यावर परत जुळणारी कृत्रिम त्वचा केली, यादी मोठी आहे आणि दर महिन्याला वाढते.

मग विमानात का नाही? कारण आता तुम्हाला दिसलं असेलच, भरून यायला हलणं लागतं आणि ताकदीला न हलणं लागतं. खोलीच्या तापमानाला आपोआप जुळणारी बहुतेक मटेरियल मऊ असतात, त्यांच्यावर वजन टांगून ठेवलं तर ती सावकाश लांबत जातात, त्याला क्रीप म्हणतात, आणि ज्या बाँडच्या चंचलपणामुळे तडा भरतो त्याच चंचलपणामुळे हे लांबणं होतं. हायड्रोजन बाँडवाल्यांना वर पाण्याचा त्रास, दमट हवेत पाण्याचे रेणू मध्ये घुसून जोडीदार पळवतात आणि सॅम्पल मऊ पडतं. पंखाचं इपॉक्सी उलट्या टोकाला, गाठी इतक्या दाट की काही हलत नाही म्हणूनच ते तिथे चालतं. या दोन टोकांच्या मध्ये चांगली जागा शोधणं हेच आमचं काम आहे, आणि मला वाटतं टोकियोच्या आईदा यांच्या गटाचं २०१८ चं काम म्हणूनच महत्त्वाचं, पॉलीईथर-थायोयुरिया, दिसायला आणि हाताला काचेसारखं टणक, तरी खोलीच्या तापमानाला तुकडे दाबून धरले की जुळतं, कारण त्यातले हायड्रोजन बाँड नागमोडी लागतात, स्फटिक होत नाहीत, आणि साखळ्यांचे छोटे छोटे भाग जागा बदलू शकतात. पण तिथेही दाबून धरायला कुणीतरी लागतं हे विसरू नका, पंखाच्या आतल्या तड्याच्या कडा कोण दाबणार?

पेपरातल्या ९० टक्क्यांबद्दल. तो आकडा खोटा नसतो, पण टक्के कशाचे ते बघायला लागतं. कॅप्सूलवाल्या कामात बहुतेक फ्रॅक्चर टफनेस (तडा सहन करण्याची ताकद) मोजतात, त्यासाठी निमुळता होत जाणारा खास आकाराचा नमुना असतो, टेपर्ड डबल कँटिलिव्हर बीम, त्याचा फायदा असा की तडा किती लांब गेला ते मोजायची गरज पडत नाही, लोडवरूनच टफनेस निघते. मऊ रबरवाल्या कामात मात्र पट्टी ब्लेडने कापतात, हाताने जुळवतात आणि ओढून तुटेपर्यंतचं ताणणं मोजतात. ब्लेडचा काप गुळगुळीत, सरळ, कडा तंतोतंत बसणाऱ्या, आणि प्रत्यक्षातला तडा वेडावाकडा, फाटे फुटलेला, आत धूळ आणि ओल गेलेली, दोन्हींची तुलना होत नाही. शिवाय मूळ मटेरियलची ताकदच १ मेगापास्कल असेल तर तिचे ९५ टक्के म्हणजे काय आणि ५० मेगापास्कलवाल्याचे ६० टक्के म्हणजे काय, हे तुम्हीच मांडून बघा. मी पेपर हातात घेतला की आधी मूळ ताकद बघतो, मग कोणत्या तापमानाला किती तास, मग कडा कशाने दाबल्या होत्या, मग दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा काय झालं, आणि टक्केवारी सगळ्यात शेवटी.

माझं प्रामाणिक मत, आज ही कल्पना सगळ्यात उपयोगी आहे ती कोटिंगमध्ये. तिथे भार पेलायचा नसतो, फक्त पाणी आणि मीठ धातूपर्यंत पोचू द्यायचं नसतं, थोडं द्रव फटीत पसरून घट्ट झालं तरी काम झालं. स्टीलवरच्या अशा कोटिंगचं २००९ मधलं एक काम मला अजून आदर्श वाटतं, सिलिकॉनवर चालणारी दोन भागांची सिस्टिम, पत्र्यावर चीर पाडून मिठाच्या पाण्यात बुडवले, साधं कोटिंग २४ तासांत गंजलं आणि कॅप्सूलवालं १२० तासांनंतरही स्वच्छ होतं.

म्हणून तुमच्या प्रोजेक्टला मी कोटिंगच सुचवेन, ग्रब्जच्या वाटेला जाऊ नका. युरिया फॉर्मल्डिहाइडच्या कॅप्सूल करा आणि आत जवसाचं तेल भरा, ते हवेतल्या ऑक्सिजनने वाळून घट्ट होतं, कॅटॅलिस्टची भानगड नाही, पेंटवाले वापरतात तो कोबाल्ट ड्रायर थोडा घातला तर लवकर होतं. फॉर्मल्डिहाइड विषारी आहे, काम फ्यूम हुडमध्येच, ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालून, आणि गाईड जवळ असताना. कॅप्सूल धुवून, गाळून, हवेत वाळवा, मग चिमूटभर दोन काचांमध्ये दाबा आणि मायक्रोस्कोपखाली तेल बाहेर येतं का बघा, हे न करता पुढे गेलात तर कॅप्सूल रिकाम्या होत्या हे शेवटच्या आठवड्यात कळतं. इपॉक्सी प्रायमरमध्ये १० टक्क्यांनी सुरू करा, स्टीलचे पत्रे नीट घासून डिग्रीज करा, कोटिंग पूर्ण वाळलं की ब्लेडने क्रॉस पाडा, दोन दिवस तसेच ठेवा आणि मग मिठाच्या पाण्यात.

कंट्रोल पत्रे मात्र दोन प्रकारचे ठेवा. एक बिनकॅप्सूलचा, तो सगळेच ठेवतात. दुसऱ्यात कॅप्सूल घालायच्या पण आत मिनरल ऑइल, जे कधीच वाळत नाही. जवसाचा पत्रा स्वच्छ राहिला आणि मिनरल ऑइलवाला गंजला तर चिरेत पॉलिमर तयार झाला असं तुम्ही म्हणू शकता. दोन्ही स्वच्छ राहिले तर तेल नुसतं पसरून पाणी अडवत असेल, ते तपासायला दोन्ही पत्रे सॉल्व्हंटने पुसून परत मिठाच्या पाण्यात टाका आणि रोज फोटो काढा.